बर्फातली नर्स

"ती चार मिनिटं कापून ठेवतो. बाकीचा पिक्चर खुशाल न्या," फकीरचाचा म्हणाले.

अभिमन्यू गोंधळला. तो आला होता त्या चार मिनिटांसाठीच.

पिक्चर फिनलंडचा, युद्धकाळातला, काळापांढरा. बर्फ, बंदुका, पायाला फळ्या बांधून पळणारे हेर. तिकडंही फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पण संग्राहकांचा हिशेब उलटा. जे कुणाकडंच नाही त्यावर जीव टाकायचा. जगात प्रती तीन. त्यातली एक सोलापुरात, टूरिंग टॉकीजचे जुने ऑपरेटर फकीरचाचा यांच्या पलंगाखाली. आणि नर्सचं दृश्य फक्त हिच्यातच. तोंडाला रुमाल बांधलेली नर्स बर्फात पडलेल्या सैनिकावर पांघरूण घालते, समोर बघते आणि दृश्य तटकन तुटतं.

युद्धातल्या सेन्सॉरनं पुढचं कापलं, हे अभिमन्यूचं संशोधन. नऊ वर्षं त्यानं त्यात घातली होती. लेख झाले, परदेशी संग्राहकांशी भांडणं झाली, आता पुस्तकही. उद्या फिल्मचे डबे हेलसिंकीच्या संग्रहालयाकडं निघणार होते, त्याच्या नावानिशी.

"चाचा, तेवढ्यासाठीच तर ती माणसं मागतायत."

"त्यांनी बघितलं?"

"मोबाइलवर. एक जण रडला म्हणे."

"रडला?" चाचांनी दाढी खाजवली. "मैंदर्गीच्या जत्रेत तर त्या टायमाला पब्लिक बिडीकाडीला उठायची की."

"त्यांना काय कळतंय."

"व्हय, तेबी खरंच."

शेजारी गादीवाल्याकडं कापूस पिंजत होते. चाचांची बायको सुगराबी चहा घेऊन आली ती पदरानं नाक झाकूनच. तिला कापसाचं वावडं. नुसते घारे डोळे दिसत होते.

"द्या की जी त्याला. लेकरू किती खेपा घालायलंय," ती म्हणाली.

"तुला चालंल?" चाचांनी विचारलं.

"मला काय हुतंय आता?"

बायकोला कशाला विचारायचं, हे अभिमन्यूला कळलं नाही. पण त्या चार मिनिटांसकट डबे हाती आले होते. खुशीत त्यानं पुस्तकाची पहिली प्रत तिच्या हातात ठेवली. मुखपृष्ठावर नर्स होती.

सुगराबीनं पुस्तक लांब धरून न्याहाळलं.

"चादर झ्याक दिसतीया," ती म्हणाली. "पण शेवटाला कारखान्याचं नाव यायचं, ते कुटं गेलं? त्याच्यापायीच तर ह्यांनी मला एमआयडीसीत दिवसभर कापसाच्या ढिगात उभं केलं हुतं."