अडलं तर विचारा

कपाटाच्या खणात बाबांचा फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा तिने चरफडत तो उचलला. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. त्यांचा फोन चार्ज करून ठेवायचा आणि वाजला की वाजू द्यायचा, असं तिचं चाललं होतं. असं का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“त्यांना द्या ना जरा,” पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला. “मी पियानोचे सूर लावून देतो. दिसत नाही मला. तुमचं सॉफ्टवेअर कागद वाचून दाखवतं ना, त्यावरच माझं सगळं चालतं. परवा त्याने औषधाची चिठ्ठी वाचली, म्हणे पाच मिली. बाटली तर एवढीशी! शंका आली म्हणून शेजारणीकडून वाचून घेतलं. पाच नाही हो, पॉइंट पाच. कालपासून फोन लावतोय.”

“ते आता नाहीत,” ती म्हणाली. “मी बघते.”

बघते म्हणाली खरी, पण तिने आजवर या कामाला बोटही लावलं नव्हतं. सॉफ्टवेअर बाबांचं, वीस वर्षं राबून उभं केलेलं. ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना फुकट आणि सगळ्यांना उघडं. ज्याला येतं त्याने यावं, दुरुस्त करावं. अशा कामात प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत एक टॅग असतो. दुरुस्ती सर्व्हरवर चढवली की शेवटचा हात कुणाचा, ते सर्व्हर आपल्या यादीतल्या नोंदीवरून त्यात आपोआप लिहितो. इतर ठिकाणी नाव आणि तारीख येते. बाबांनी आपल्या हौसेने टॅग बदलून घेतला होता. त्यांच्याकडे यायचं ‘अडलं तर विचारा’, पुढे माणसाचं नाव, पुढे फोन नंबर. मदतीचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर ती ओळ मोठ्याने वाचायचं.

त्या टॅगवरूनच दोघांचं बिनसलं होतं. बाबा जेवायला बसले की फोन, दवाखान्यात असले तरी फोन. “जग तुम्हाला फुकटात राबवून घेतंय,” असं ती एकदा तोंडावर बोलली. बाबाही काहीतरी बोलले. मग शेवटचं अख्खं वर्ष तिने त्यांचे फोन उचलले नाहीत. ते मात्र लावत राहिले.

नोकरीत ती रोज कोडच लिहायची, त्यामुळे चूक दहा मिनिटांत सापडली. चिठ्ठीत शून्य न लिहिता नुसतं ‘.५’ लिहिलेलं. सॉफ्टवेअरला वाटलं, टिंब म्हणजे वाक्य संपलं, आणि त्याने पुढचा पाच तेवढा वाचला. आकड्यांच्या फाईलमध्ये दोन ओळी बदलल्या की काम झालं. तिने त्या लिहिल्या. मग उठून खिडकी उघडली. बंद केली. कीबोर्ड पालथा करून झटकला. चहा केला आणि तो ओट्यावरच विसरली.

बाकीच्या साऱ्या फायलींवर या पाच महिन्यांत कुणा ना कुणाचा हात फिरला होता. बाबांचं नाव फक्त या एका फाईलवर उरलं होतं.

शेवटी तिने रेडिओकाकांना फोन लावला. हे बाबांचे जुने मित्र, पेशाने रेडिओ दुरुस्त करणारे. सर्व्हर आता तेच सांभाळत.

“अगं, मग चढव की!” काका म्हणाले. “चार वाजता नवी आवृत्ती काढतोय. तुझं खातं आहेच. तुझ्या बाबांनी जायच्या आठवडाभर आधी काढलं. यादीत तुझी नोंदसुद्धा स्वतःच केली, मला बघूही दिलं नाही.”

“पण बाबांचं नाव जाईल, काका.”

“जाणारच. टॅगचं कामच ते आहे.”

तिने फोन ठेवला आणि एक लबाडी केली. टॅगच्या मधोमध एक जागा मोकळी सोडली. आता सर्व्हरला तो टॅग ओळखूच येणार नव्हता. दुरुस्ती होईल, नाव मात्र राहील. जन्मभर राहील. तिला एकदम हलकं वाटलं. पावणेचार झाले होते.

तेवढ्यात खणातला फोन पुन्हा वाजला.

“झालं का हो?” सूर लावणारे म्हणाले. “घाई नाही करत. आजचं औषध शेजारीण देईल मोजून. एवढंच विचारायचं होतं, यापुढे अडलं तर मी कुणाला विचारू?”

बाबांचा फोन कानाला लावून ती स्क्रीनवरच्या त्यांच्या नावाकडे बघत राहिली. हा नंबर हे गृहस्थ उद्या लावतील, परवा लावतील, आणि तो या खणात वाजत राहील. न उचललेला फोन कसा वाजतो, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“मला विचारा,” ती म्हणाली.

तिने मधली मोकळी जागा पुसली, टॅग पुन्हा जोडला आणि डोळे मिटून फाईल चढवली. डोळे उघडले तेव्हा बाबांचं नाव गेलं होतं. नवी ओळ तिला अश्रूंमुळे नीट वाचता येईना, म्हणून तिने मदतीचं बटण दाबलं.

“अडलं तर विचारा,” सॉफ्टवेअर त्याच्या सपाट आवाजात वाचू लागलं. “ठिणगी. माझी मुलगी.” पुढे त्याने तिचा नंबर एकेक आकडा सुटा करून वाचला. ओळ तिथे संपायला हवी होती. ती संपली नाही.

“फोन उचलला नाही, तर पुन्हा लावा. रागावते, पण उचलते.”