वाकडा खांब

"बाबा, हा खांब उभा आहे की आडवा व्हायच्या वाटेवर आहे?" नणंदेनं विचारलं.

सासऱ्यांनी हातातली पहार जमिनीत टेकवली. एक डोळा मिटून खांबाकडे पाहिलं. "खांब सरळ आहे. तुझी मान तिरकी आहे."

"मान तुमच्याचकडून आलीये."

सगळे हसले. सूनही हसली, पण जरा मागे उभी राहून, हातात फळीचं एक टोक धरून.

कुंपणाचं काम सकाळपासून चाललं होतं. घरच्या घोडीचं शिंगरू आता अंगानं भरलं होतं. जुन्या कुंपणाला मान घासून घासून त्यानं एक अख्खी बाजू लोळवली होती. काटेरी तार लावायची सोय नव्हती, घोड्यांची कातडी फाटते. म्हणून लाकडी खांब आणि त्यांवर आडव्या फळ्या. चारही घोड्या आणि ते शिंगरू पलीकडच्या तुकड्यात हलवले होते. तिथून ती सगळी माना उंचावून माणसांचा गोंधळ बघत होती.

गोंधळच होता. नवऱ्यानं एक फळी वीतभर आखूड कापली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मोजून कापलीस की आठवून?" मग त्यांच्याच हातून खिळ्यांचा डबा गवतात सांडला. नणंद लगेच म्हणाली, "राहू दे आई, पेरलेस ते बरं झालं. पुढच्या वर्षी कुंपण आपोआप उगवेल." सासूबाई हसता हसता खाली बसल्या आणि त्यांना उठवायला नवऱ्याला हात द्यावा लागला. त्यावरही कोणीतरी काहीतरी बोललंच.

तिला मात्र कोणी काही बोलत नव्हतं.

"वहिनी, तुम्ही सावलीत बसा ना जरा." "हाताला लागेल हं, जपून." "तुम्ही छान धरलीये फळी." लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा सोडला तर या घरातलं 'तुम्ही' अजून सुटलं नव्हतं. पाण्याची बाटली पहिली तिच्यापुढे यायची. बसायला चांगली खुर्ची तिला मिळायची. पाहुण्याला मिळते तशी.

माहेरी तिला दोन भाऊ होते. ती चालली तरी ते चिडवायचे, बसली तरी चिडवायचे. ती चिडून उशी फेकायची आणि मग तिघं मिळून पोट धरून हसायची. आईवडील गेले, भाऊ पोटापाण्याला लांब गेले, घर विकलं गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिची चेष्टा करणारं कोणी उरलं नव्हतं. लग्नाआधी नवरा त्याच्या घरच्या गमती सांगायचा. कोण कोणाला काय म्हणालं, मग कोण रुसलं. ते ऐकताना तिनं मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. थोडा त्याला, आणि बराचसा त्या घराला.

नवऱ्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको वर्षभरातच निघून गेली होती. का गेली, ते इथे कोणी काढत नसे आणि ती विचारत नसे. तिला वाटायचं, पहिली यांच्या मनातून अजून गेलेली नाही. या हसण्यातली एक जागा तिची आहे आणि ती यांनी कोणाला दिलेली नाही.

दुपारी सगळे हातपाय धुवायला नळाकडे गेले. ती मागे राहिली. एक खड्डा खणून तयार होता. तिनं एकटीनं खांब उचलला, खड्ड्यात सोडला, माती लोटली, धुमसानं ठोकून ठोकून घट्ट केली. तळहाताला फोड आला. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

खांब वाकडा होता. थोडाथोडका नाही, चांगलाच. वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या छातीत आनंदानं धडधडायला लागलं. याच्यावर तर बोलतीलच. याच्यावर न बोलता कोणाला राहवणार?

सगळे परत आले आणि खांबापाशी थांबले. नणंदेनं तोंड उघडलं. सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"छान झालाय हो," सासूबाई म्हणाल्या. "एकटीनं एवढं केलंत."

"मी खिळे आणते," ती म्हणाली आणि तबेल्याकडे वळली. डोळ्यांत पाणी आलेलं कोणी बघायला नको होतं.

तबेल्याच्या दारातून तिनं मागे पाहिलं. सासरे घाईघाईनं तिचा खांब सरळ करत होते. नवरा पायानं माती दाबत होता. सासूबाई खांबाला धरून होत्या आणि नणंद तबेल्याकडे नजर ठेवून होती. नणंदेची आणि तिची नजरानजर झाली. नणंदेनं मान खाली घातली.

ती खिळे न घेताच परत आली.

"बाबा, माझा खांब वाकडा होता."

"नाही हो, माती जरा भुसभुशीत..."

"वाकडा होता. आंधळ्यालाही दिसला असता." तिचा आवाज फुटला. "सगळ्यांना हसता तुम्ही. मला का नाही हसत? मी कोणीच नाही का तुमची?"

नवरा बुटाची माती झटकत राहिला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासरे फळ्यांच्या ढिगावर बसले.

"पहिली आमच्या चेष्टेला कंटाळून गेली," ते म्हणाले. "जाताना तसं तोंडावर सांगून गेली. तेव्हापासून आम्ही सगळे तुझ्यापुढे जीभ चावून बसतो. तू जाऊ नयेस म्हणून, गं."