काठावरची बदकं

"बत्तखें उतर क्यों नहीं रहीं, भैया?" मीनाक्षीने विचारलं. ती चॅनलची बातमीदार. तिला पाण्यात पोहणारी बदकं हवी होती.

"ठंड लग रही होगी, मैडम," बदकवाला म्हणाला. मलिहाबादच्या उन्हात त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

कारखान्याच्या या तळ्याची जबाबदारी इंद्रजितची. पेपरात तळ्याबद्दल छापून आल्यापासून कॅमेरे वरचेवर येत. ते यायचे असले की आदल्या दिवशी सांडपाणी उपसायचं, टँकरचं गोडं पाणी भरायचं आणि भाड्याची बदकं सोडायची, हा इथला रिवाजच झाला होता. पण या वेळी चॅनलवाले एक दिवस आधीच येऊन थडकले. बदकं धावतपळत आणता आली, टँकर नाही.

"इंद्रजित जी, ज़रा पीकर दिखाइए इनको," मॅनेजर हरिहर साहेब म्हणाले. त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही.

प्रयोगशाळेतली मनीषा मूळची नागपूरची. तळ्यातून भरलेला ग्लास देताना ती मराठीत पुटपुटली. तिथे ती भाषा तिच्या आणि इंद्रजितखेरीज कुणालाच कळत नव्हती.

"सर, गिळू नका हं. नुसतं तोंडात धरा, कॅमेरा वळला की थुंका. शपथ आहे तुम्हाला!"

पाणी कोमट होतं. आधी चवच लागली नाही. मग जीभ कडेकडेने बधिर होऊ लागली. त्या पाण्यात काय काय आहे, हे त्या दोघांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इंद्रजितने ओठ घट्ट मिटून मान डोलावली. आता वळेल कॅमेरा.

कॅमेरा वळला नाही. मीनाक्षीने माइक त्याच्या तोंडाशी नेला.

"बताइए सर, कैसा है पानी?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खांद्यावरचा हात जड झाला. मनीषाने डोळे मिटून घेतले.

घोट खाली उतरला.

"मीठा," इंद्रजित म्हणाला.

"वाह! बस एक बार और, सर. इस बार बत्तखों के साथ लेते हैं."

बदकवाल्याने काठी आपटली. बदकं पाण्याच्या कडेपर्यंत गेली, माना खाली घातल्या आणि तशीच मागे फिरली. रिकामा ग्लास घेऊन इंद्रजित त्यांच्यातून वाट काढत पाण्याकडे निघाला.