शंभरावा उल्लेख

वनस्पतींच्या जनुकांवर काम करणाऱ्या बाईंची नोकरी कायम व्हायची, तर त्यांच्या निबंधांचे इतरांच्या निबंधांत शंभर उल्लेख हवे होते. गाडी नव्याण्णववर अडून बसली होती. सकाळी आल्या आल्या बाई रोपांआधी तो आकडा बघायच्या. नवऱ्याने तर विचारणंच सोडलं होतं.

तशात एका नियतकालिकाने त्यांच्याकडे एक निबंध तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं, तपासणाऱ्या बाईंचंही. विषय मात्र त्यांचाच: टोमॅटोला पाण्यावाचून तगवणारं जनुक. आणि बाईंचा कुठे उल्लेख नाही. आपलंच घोडं असं पुढे दामटू नये हे त्यांना कळत होतं, पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी लिहिलं, "या जनुकावरच्या पहिल्या निबंधाचा उल्लेख केल्याशिवाय हे छापू नये."

महिन्याने लेखकाचं उत्तर आलं.

"तो निबंध माझ्या बाईंचा आहे. त्यांचा प्रयोग आम्ही सात वेळा करून पाहिला, एकदाही रोप जगलं नाही. ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांचं नाव कशाला काढायचं, म्हणून गप्प होतो. आता आपला आग्रहच आहे, तर चौथ्या पानावर सगळं सविस्तर लिहिलंय."