टोस्टरचा आवाज

आईच्या स्मार्ट टोस्टरने पाठवलेली तक्रार पुन्हा फोनवर आली, तसा निरंजन तणतणत आईकडे साताऱ्याला पोचला. "प्लग न काढता आत सुरी घालतेस? जिवावर उदार झालीयेस का?"

त्याने प्लग काढला, खालचा ट्रे ओढून चुरा झटकला. "एवढंच करत जा. मग तो ओरडणार नाही."

"म्हणून तर करत नाही," आई पुटपुटली. तिने प्लग लावून सुरी खाचेजवळ नेली.

टोस्टरने स्वतःच वीज तोडली आणि विकत घेताना निरंजनने स्वतः त्यात रेकॉर्ड केलेल्या आवाजात तो कळवळला, "अगं आई, हात भाजेल ना! सावकाश."

निरंजनने मान खाली घातली. इतक्या मायेने तो आईशी हल्ली फक्त टोस्टरमधूनच बोलत होता.