चौथ्या कप्प्यात बारा

चौथ्या कप्प्यात बारा शेळ्या हव्या होत्या. बारा भरल्या. आरतीने मोबाईल गोठ्याच्या फटीतून काढून आजोबांपुढे धरला.

"मोबाईलने आतले चमकते डोळे मोजले : चोवीस, भागिले दोन. आबा, नऊ सेकंद लागले."

"आन बाकीचं तीन कप्पं?" सोनबांनी विचारलं.

"त्यांची दारं काल उघडलीच नाहीत. दारावर लिहिलेला आकडा खरा धरायचा. डिस्कवरच्या फायली मी अशाच तपासते. जुनी पद्धत एकेक फाईल उघडून बघायची, दोन दिवस जायचे. माझी अकरा मिनिटांत मोकळी."

आठ वाजता पुण्याच्या कंपनीला होकार द्यायचा होता. तो दिला की पाच दवाखान्यांतल्या पेशंटच्या फायली तिच्या पद्धतीवर जाणार होत्या. इथे पासली गावात मात्र सोनबा अडून बसले होते : आदी माज्या शेळ्या मोजून दाव.

"आन आत म्हस बसली आसंल तर?"

"म्हैस दारातून मावत नाही. ते मी धरलंय."

सोनबांनी धारेचं भांडं उचललं, कडीवर हात ठेवला आणि सवयीने फटीतून आत पाहिलं.

छपरातून उजेडाचा मोठा तुकडा खाली पडला होता. काल तिथं छप्पर होतं. अकरा शेळ्या एका कुडाला चिकटून उभ्या होत्या, आवाज न करता. समोरचा कोपरा अंधारात होता. त्यातून फक्त एक शेपटी उजेडात आली होती. शेळीची शेपटी एवढी नसते. ठिपक्यांचीही नसते.

कडीवरचा हात तसाच राहिला.

"मोजणी बरुबर हाय, पोरी," सोनबा पुटपुटले. "वाघरानं येक खाल्ली, आन तिच्या जागी सोता बसलंय."

आरतीने फटीला डोळा लावला. एवढ्या सकाळी बाराच्या बारा टक्क जाग्या, हे तिला मघाशी फार सोयीचं वाटलं होतं.

मोबाईल थरथरला. कंपनीतले इंद्रजित सर.

"आरती, चाचणीत चूक निघाली का काही?"

"एकही नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. डोळा अजून फटीलाच होता.

"वा! मग टाकतो चालू करून."

सोनबांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि तोंडाशी धरला.

"सायेब," ते कुजबुजले, "दार उगडू नगा."