वक्रीतलं काम

कोट काउंटरवर ठेवत समोरचे औषधवाले म्हणाले, "वहिनी, डावी बाही बघा जरा. अर्धा इंच लांब आहे."

आईने कोटाकडे पाहिलं नाही. दारावरच्या पाटीकडे नुसतं बोट केलं. पाटी वडिलांच्या, म्हणजे शिंपीमास्तरांच्या अक्षरातली, वर्षातून तीनदा बाहेर निघणारी : बुध वक्री. नवीन कापड कापले जाणार नाही. बुध उलटा चालू लागला की नव्याने हाती घेतलेलं काम अंगावर उलटतं, म्हणून त्या तीन आठवड्यांत चुकलेलं, उसवलेलं, मागे राहिलेलं तेवढंच निस्तरायचं, असा त्यांचा नेम होता. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. या खेपेला पाटी आईने लावली होती.

"मी नवं कुठे आणलंय? जुनंच आहे. मास्तरांच्याच हातचं."

"म्हणूनच," आई म्हणाली.

मुलगी मागे इस्त्रीच्या टेबलाशी होती. त्या आठवड्यात आईने तीन गिऱ्हाइकं परत पाठवलेली तिने पाहिली होती. तिघांनीही वडिलांनी शिवलेले कपडे आणले होते. कुणाची कंबर सैल करायची होती, कुणाची उंची कमी. वडिलांचा टाका उसवायला आईचा हात धजत नव्हता. आणि हा तर त्यांनी शिवलेला शेवटचा कोट.

"बुध मार्गी होऊ दे, सरळ चालू लागू दे. मग बघू."

"कधी होतोय?"

"पुढच्या गुरुवारी."

"माझ्या पोरीचं लग्न या रविवारी आहे, वहिनी. बुधाला विचारून तारीख काढायला हवी होती, चुकलंच माझं."

आई हसली नाही. मुलीला राहवेना. "आई, बुध खरंच मागे जात नाही ग. इथून तसा दिसतो फक्त."

"मला नको शिकवूस. त्यांनाही ठाऊक होतं ते. म्हणायचे, दिसतो मागे जाताना, पण तेव्हाच आपल्या सगळ्यात जवळ असतो. म्हणून वक्री ग्रहाला बळ जास्त."

बोलता बोलता तिची नजर पाटीवरून कोटावर आली. मग तिने कोट पुढ्यात ओढला, झटकला आणि धरला. "घाला."

औषधवाल्यांनी घातला. डावी बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत आली.

"पोक काढू नका, भाऊजी."

"पोक नाही हो, हा धंद्याचा बाक आहे. तीस वर्षं उजवा हात वरच्या फळीवर. डावा खांदा खाली आला तो आलाच."

आईने दोन्ही खांद्यांवर हात ठेवून पाहिलं. कोट उतरवून घेतला, चष्मा लावला आणि ब्लेड उचललं. पहिला टाका तुटायला वेळ लागला. पुढचे भराभर सुटत गेले. बाहीची दुमड उलगडली तशी ती खिडकीशी गेली आणि अस्तर उजेडात धरलं.

"इकडे ये," ती मुलीला म्हणाली.

दुमडीच्या अर्धा इंच वर आणखी एक घडी होती, इस्त्रीने मोडलेली पण पुरती न गेलेली. आणि अस्तरात सुईच्या भोकांची एक बारीक ओळ.

"आधी इथे शिवली होती," मुलगी म्हणाली.

"बरोबर शिवली होती. यांचा खांदा बघून डावी मुद्दाम आखूड ठेवलेली." आईचं बोट त्या ओळीवरून फिरत होतं. "हँगरवर लावला होता कोट. मी येता जाता म्हटलं, एक बाही आखूड झालीय, डोळे गेले का तुमचे. काही बोलले नाहीत. बसून उसवली, दोन्ही सारख्या केल्या." तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. "बत्तीस वर्षांत एकदा ऐकलं माझं. तेही चुकीचं."

मग औषधवाले हळूच म्हणाले, "म्हणजे मास्तरांचं काही चुकलं नव्हतं."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, आजारपणात हात..."

"हात शेवटपर्यंत चांगला होता त्यांचा," आई म्हणाली. "तोंड माझं जास्त चाललं."

"मग संध्याकाळी येऊ न्यायला?"

"बसा. पाऊण तासाचं काम आहे. दुकान काय पळून जातंय का तुमचं?"

ते स्टुलावर बसले. मुलीने मशीनवरचं कापड बाजूला घेतलं.

"मशीन नको. सुई ओवून दे."

मुलीने काळा दोरा ओवून दिला. आईने जुन्या घडीवर बाही दुमडली, टोक चिमटीत धरलं आणि सुई पहिल्या भोकात घातली. मग दुसऱ्या. नवं भोक ती पाडत नव्हती. सुई प्रत्येक वेळी आपली जागा शोधून मगच आत जात होती. मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती.

अर्ध्या बाहीवर आईचा हात थांबला. तिथे दोन भोकांमधलं अंतर बाकीच्यांच्या दुप्पट होतं. असला टाका मुलीने टाकला असता तर आईने तिला तो तिथल्या तिथे उसवायला लावला असता.

"इथे बोलत होते माझ्याशी," आई म्हणाली, आणि तिने आपलाही टाका तेवढाच लांब घेतला.